अंगणातला खोडवा

हातातला कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगताना आमच्या एका मित्राला ठसका लागला, चहा नाकातून आला आणि बोल मला लागला. म्हणून आता आधीच सांगतो, यात मी एक शहाणपणा केलाय. एक कसला, ओळीनं चार केलेत! प्रत्येक शहाणपणा आधीचा निस्तरायला केलेला.

मी कुंडलचा. ऊस लावतो. बत्तीस वर्षं लावतोय. आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक फोटो आहे. त्यात मी फेटा बांधून उभा आहे आणि हातात ढाल आहे, उसाच्या विक्रमी उताऱ्याची. गावातल्या तरण्या पोरांच्या उसाला काही झालं की ती पानाचा फोटो मोबाईलवर पाठवतात, "आण्णा, हे काय झालंय बघा." मी चष्मा लावतो आणि रोग सांगतो. ही बढाई नाही. पुढं जे घडलं त्यातला आरोपी किती शिकलेला होता, ते तुम्हाला कळावं म्हणून सांगतोय.

तर आमची एकुलती एक लेक, प्राजक्ता. कोयनानगरला शाळेत शिकवते. तिचं लग्न ठरलं कवठे महांकाळच्या मुलाशी. मुलगा फौजेत. सुट्टी मोजून मिळालेली, त्यामुळं साखरपुडा एप्रिलच्या शेवटी म्हणजे शेवटीच. एक दिवस इकडं नाही की तिकडं नाही.

मी म्हणालो, "कार्यालय बघू का गं?"

"आण्णा, कार्यालय नको. डीजे नको. ती राजाराणीची खुर्ची तर अजिबात नको. आपल्या अंगणात लॉन करूया. सगळ्यांनी खाली गवतावर बसायचं. बास, एवढंच."

आता बघा, या पोरीनं उभ्या जन्मात बापाकडं काही मागितलं नाही. दहावीला सायकल मागितली नाही. डी.एड.ला मोबाईल मागितला नाही. मी आपण होऊन दिला तर म्हणायची, "कशाला आण्णा?" आणि आता घर सोडून जायच्या वेळी पहिल्यांदा तोंड उघडून मागितलं, तर काय मागितलं? गवत!

गवत म्हणजे माझ्यासाठी काय, हे तुम्हाला कसं सांगू? बत्तीस वर्षं मी उसातनं गवत काढण्यात घालवली. त्यात हरळी तर जानी दुश्मन. खणा, जाळा, औषध मारा, मातीत एक कांडी राहिली की पुढच्या पंधरवड्यात परत हजर. आमच्या वडिलांनी मला पोहायला शिकवायच्या आधी हरळी ओळखायला शिकवली. आणि आता तेच गवत दारात आणायचं, त्याला पाणी पाजायचं, त्याची काळजी घ्यायची!

पण लेकीनं मागितलं होतं. मी म्हणालो, "करूया."

पलूसचा तानाजी नर्सरी चालवतो. तो टेंपो घेऊन आला. टेंपोत गवताच्या चटया, गुंडाळी करून एकावर एक रचलेल्या. आमच्या मंडळी, म्हणजे सुमन, कमरेवर हात ठेवून दारात उभ्या.

"आवं, गवत इकत आणलं? बांधावरचं कापून दिलं असतं की मी!"

"अगं, हे वेगळं असतं."

"काय येगळं हाय?"

मला तरी कुठं माहीत होतं? मी नुसतं मोठ्यानं खाकरलो.

दीड गुंठ्याचं पुढचं अंगण. तानाजीनं आणि त्याच्या माणसांनी दिवसभरात चटईला चटई लावून सगळं हिरवंगार करून टाकलं. जाताना मला बाजूला घेतलं.

"आण्णा, चोवीस दिस हायत हातात. ऊन कडक हाय. सकाळी लवकर अन् सांजच्याला हलका फवारा मारायचा. पाणी तुंबू द्यायचं न्हाई. मूळ धरंस्तवर खत घालायचं न्हाई. वर चालायचं न्हाई. कापायची येळ आली की मला फोन करायचा. तुमी काय बी करायचं न्हाई."

"बरं."

"काय बी म्हंजे काय बी."

"अरं, ऐकलं की एकदा!"

"न्हाई, तुमी उसातले येवढे मोठे शेतकरी, म्हणून दोनदा सांगितलं."

मला वाटलं, मान दिला.

चार दिवस मी सांगितल्याप्रमाणे फवारा मारला. पाचव्या दिवशी कुंपणाच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात तळहाताएवढा पिवळा डाग दिसला. आता अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? तानाजीला फोन करावा. मी काय केलं? चष्मा लावला, उकिडवा बसलो, दोन पानं तोडली, उन्हात धरली आणि रोग सांगितला.

"पाणी कमी पडतंय."

कमी पडणारच! हलका फवारा म्हणजे काय पाणी झालं? तेवढं पाणी आम्ही धुरळा उडू नये म्हणून लग्नाच्या मांडवात मारतो. पाणी म्हणजे कसं, सरीत उभं राहिलं पाहिजे, बेडूक वरडला पाहिजे! घराशेजारीच आमची विहीर. मी मोटरीच्या तीन इंची पाइपला लांब जोड दिला, तोंड अंगणात सोडलं आणि बटण दाबलं.

सुमन ओट्यावर गहू निवडत होती. दोन मिनिटांत तिची हाक आली.

"आवं! अंगण चाललं!"

"कुठं?"

"रस्त्याला!"

मी वळून बघितलं. पहिली चटई उचलली गेली होती. पाइपच्या धारेनं ती शांतपणे फाटकाच्या दिशेनं निघाली होती. तिच्या मागं दुसरी, दुसरीच्या मागं तिसरी. मूळ धरलेलं नाही, त्यांना थांबायचं कारणच काय? मी धावलो. एका चटईवर पाय देऊन उभा राहिलो, तर बाजूच्या दोन सुटल्या. सुमननं धावत जाऊन फाटक लावलं म्हणून गवत गावभर झालं नाही.

मोटर बंद केली आणि दोघांनी मिळून दुपारपर्यंत अंगण परत जागेवर आणलं. तुकड्याला तुकडा काही जुळेना. शेवटी एक चटई उरली. जागा भरली, तरी चटई उरली! कुठून उरली ते देवाला ठाऊक. ती मी गुंडाळून तुळशीमागं ठेवली.

आणि पाणी? आमच्या घराला मागच्या बाजूला उतार आहे. सगळं पाणी बोळातनं परसात गेलं. परसात म्हशीचा गोठा, कपड्यांची दोरी आणि मधल्या मोकळ्या जागेत जुनी हरळी. वर्षानुवर्षं मी म्हणतोय, हिचा निकाल लावायचा. पण सुमन तिथं विळा घेऊन बसते, म्हशीला रोज एक एक पट्टा कापते, म्हणून राहिलेली.

"समदं पाणी मागं चाललंय हां," सुमन म्हणाली.

"जाऊ दे. हरळीच हाय तिथं."

तर हा झाला पहिला शहाणपणा. आंघोळ घातल्यापासून अंगणाचा रंग उतरायला लागला. तीन दिवसांत सगळं फिकट पडलं. उसाचं पान फिकट पडलं तर आम्ही काय म्हणतो? नत्र कमी! आणि नत्र म्हणजे काय? युरिया. तो पडवीत पोत्यानं पडलेला. तानाजी खत घालू नको म्हणाला होता, पण तानाजीचं वय काय? मी युरिया टाकायला लागलो तेव्हा त्याची मुंज झाली नव्हती.

पाटी भरून घेतली आणि उसाला टाकतो तसा, लांब लांब ढांगा टाकत, मूठमूठ फेकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. हात जरा सैलच आहे माझा. उसाला चालतं ते.

आणखी तीन दिवसांनी सकाळी दार उघडलं. अंगणात तपकिरी पट्टे पडले होते. मी कुठून निघालो, कुठं वळलो, कुठं मूठ भरलेली होती आणि कुठं रिकामी झाली, सगळं गवतावर उमटलेलं. सुमन चहाचा कप घेऊन एकेक पट्टा बघत फिरली. मधे एक मोठा गोल डाग होता, तिथं थांबली.

"हितं तुमाला शिंक आली व्हय?"

आलीच होती. पण मी कबूल केलं नाही.

खत जास्त झालं तर धुऊन काढायचं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. या वेळी मात्र मी हुशारीनं काम केलं. प्रत्येक चटईवर एकेक दगड ठेवला आणि मग मोटर सुरू केली. पाणी युरिया घेऊन बोळातनं परसात गेलं. अंगण जाग्यावर राहिलं, पण आता ते जळालेलं होतं आणि वर दगड होते.

त्याच दिवशी प्राजूचा व्हिडिओ कॉल आला. शाळेच्या आवारात कुठंतरी रेंज शोधून उभी होती बिचारी.

"आण्णा, लॉन दाखवा की!"

आता काय दाखवू? पहिल्यांदा कॉल आला तेव्हा मी फक्त चांगला कोपरा दाखवला होता. आता कोपरासुद्धा चांगला उरला नव्हता. मी म्हणालो, "थांब हां, उजेड बरोबर न्हाई," आणि फोन छातीशी धरून बोळातनं थेट परसात गेलो. उकिडवा बसलो. फोन हरळीच्या अगदी जवळ नेला.

"अय्या आण्णा! किती दाट झालंय!"

"मग! बाप कुणाचा हाय?"

"जरा लांबनं दाखवा ना."

"लांबनं रेंज जातीय."

तेवढ्यात मागं म्हैस हंबरली.

"अंगणात म्हस कुठनं आली?"

"अंगणात न्हाई गं. मागं वरडली. तिचा आवाज मोठा हाय, तुला म्हाईत हाय की."

फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. लेक खूश झाली, बास. आज खोटं दाखवलं, उद्या खरं करून ठेवू! माझ्या डोक्यात एकदासुद्धा आलं नाही की इतकं चांगलं दिसतंय तर हेच गवत आपण बघावं. हरळी ती. ती बघायची नसते, मारायची असते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कवठे महांकाळहून व्याह्यांचा, बापूंचा फोन. एकेकाळी मेंढरं राखणारं घर, आता शेती करतात. माणूस सरळ, बोलणं मोठ्यानं.

"पाव्हणं! तुमच्या लॉनचं पोरीनं आमच्या पोराला सांगितलं, पोरानं आमाला सांगितलं. लय भारी झालंय म्हणं!"

"झालंय आपलं जरा."

"तर आमी काय म्हणतो, खुर्च्या मांडू नका. आमची समदी म्हातारी माणसं खाली गवतावर बसणार. आमची आई तर म्हणतीया, अनवाणी चालून बघणार. आमच्याकडं पिण्याचं पाणी टँकरनं येतंय बघा. हिरवं बघायला मिळणार म्हणून गडी समदी हरकून गेल्यात."

मी "या, या" म्हणालो. फोन ठेवला आणि ओट्यावर बसून राहिलो. समोर दीड गुंठा करपलेलं गवत आणि त्यावर दगड.

बारा दिवस उरले होते.

अजूनही तानाजीला फोन करता आला असता. करायला हवा होता. पण काय सांगू त्याला? अंगण वाहून गेलं होतं ते मी परत आणलं, मग जाळलं, मग धुतलं? त्यापेक्षा मी बसून विचार केला. विचार केला हेच चुकलं.

मूळ दोष कुठं आहे? उन्हात! चाळीस डिग्री ऊन त्या कोवळ्या गवतावर पडतंय. आणि उन्हाळ्यात आम्ही उसाला काय करतो? पाचटानं झाकतो. उसाचा वाळलेला पाला सरीत अंथरायचा. जमीन गार राहते, ओल टिकते. शेजारच्या रानात तोडणी नुकतीच झाली होती. मी ट्रॉली भरून पाचट आणलं, दगड उचलले आणि अख्खं अंगण चार बोटं जाड झाकून टाकलं. वरनं पाणी शिंपडलं.

सुमन बघत होती.

"आवं, गवताला ऊन नको व्हय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला काय न्हाई कळत. पर पाटीखाली गवत ऱ्हायलं तर पांढरं हुतंय, येवढं बघितलंय."

"सात दिस कुणी हात लावायचा न्हाई," मी फर्मान काढलं.

सात दिवस कुणी हात लावला नाही. रस्त्यानं जाणारी माणसं विचारायची, "आण्णा, दारात ऊस लावला का काय?" मी हसून म्हणायचो, "गंमत बघा आता." आठव्या दिवशी मी स्वतः, आंघोळ करून, एका कोपऱ्यातलं पाचट उचललं.

वाफ आली. तोंडावर आली, चष्म्यावर आली. चष्मा पुसून बघितलं तर खाली गवत पिवळंसुद्धा राहिलं नव्हतं. पांढरं झालं होतं, उकडलेल्या शेवयांसारखं. आणि वास ओळखीचा. तो वास मी चारा आंबवायच्या खड्ड्यावर कितीदा घेतलाय. मी अंगणात मुरघास तयार केला होता.

"म्हशीला टाकू का?" सुमन म्हणाली. मला अजून कळलेलं नाही, ती चेष्टा होती की खरंच विचारत होती.

चार दिवस राहिले होते. माझं डोकं आता वेगानं चालायला लागलं, आणि वेगानं चालणारं माझं डोकं म्हणजे काय, ते तुम्ही बघताच आहात. ऊस हातचा गेला असं वाटलं तर पुढचा मार्ग काय? खोडवा! ऊस तोडला की बुडखे जमिनीलगत छाटायचे. खालनं नवे फुटवे येतात. त्याला खोडवा म्हणतात. आणि माझा खोडवा बघायला बाहेरगावची माणसं येतात, विचारा कुणालाही.

मी विळ्याला धार लावली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत, उकिडवा सरकत सरकत, अंगण जमिनीलगत छाटून काढलं. कुठं वर एक काडी ठेवली नाही. काम अगदी स्वच्छ झालं. कमर धरून उठलो आणि बघितलं, तर दीड गुंठा तुळतुळीत तांबडी माती.

सुमन म्हणाली, "आवं, केस काढलं तर केस येत्यात. तुमी डोस्कं काढलंय."

पुढच्या दिवशी मी चार वेळा जाऊन फुटवे बघितले. भिंग लावून बघितले. नाही.

साखरपुड्याला दोन दिवस उरले असताना मी एक निर्णय घेतला. पुढचं गेलं ते गेलं, मागचं तरी नीट करू. पाहुणे हात धुवायला परसात जाणार. बत्तीस वर्षांचा ऊसवाला आणि त्याच्या परसात एवढी हरळी माजलेली? अब्रू काय राहील? मी पाठीवरचा पंप काढला, त्यात हरळीचं औषध मिसळलं, पंप पाठीवर चढवला आणि परसात गेलो. दांडा दोनदा हलवून हवा भरली.

तेवढ्यात पुढनं आवाज आला.

"आण्णाऽऽ!"

प्राजू. एक दिवस आधीच आली होती, मदतीला म्हणून.

मी पंपासकट बोळातनं पुढं आलो. ती फाटकात उभी. पिशवी हातातनं खाली पडलेली. तिनं मातीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत मातीकडं बघितलं.

"लॉन कुठाय?"

"त्याचं काय झालं..." मी सुरुवात केली. पण कुठून सांगावं? पुरापासून, खतापासून की पाचटापासून?

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. डोळे भरले आणि एवढंच म्हणाली, "आण्णा, एकच गोष्ट मागितली हुती मी."

मला लाज वाटली. अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती. भिंतीवरचा तो ढालीचा फोटो काढून विहिरीत टाकावासा वाटला. फौजेतला पोरगा सुट्टी संपवून जाणार, लेक सासरी जाणार, आणि हा दिवस माझ्या शहाणपणापायी तांबड्या मातीत होणार.

मग तिनं डोळे पुसले आणि शाळेतल्या बाईंच्या आवाजात विचारलं, "मग त्या दिवशी व्हिडिओत दाखवलं ते काय हुतं?"

"ते... परसातलं."

"परसात लॉन हाय?"

"लॉन कसलं! हरळी हाय ती."

"अन् पाठीवर काय हाय?"

"पंप."

"पंपात काय हाय?"

"औषध. हरळी मारायचं."

तिचा चेहरा पांढरा पडला. "मारलं?"

"न्हाई अजून. हवा भरलीया फक्त."

"आण्णा," ती अगदी हळू म्हणाली, "पंप खाली ठेवा. सावकाश. नळीला हात लावू नका." फौजीच्या घरात जाणार होती ना, भाषा आधीच शिकली होती.

मी पंप खाली ठेवला. ती माझ्या अंगावरनंच बोळातनं मागं गेली. मी मागोमाग गेलो. आणि तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा, शत्रू म्हणून नाही तर नुसतं, त्या हरळीकडं बघितलं.

काय सांगू तुम्हाला! दोन पुरांचं पाणी तिनं प्यालं होतं. दीड गुंठ्याचा युरिया जाऊन तिच्या मुळाशी बसला होता. वरनं सुमननं विळ्यानं रोज पट्टा पट्टा कापून ती सारखी केली होती. गोठ्यापासून विहिरीपर्यंत हिरवागार गालिचा. पुढच्या अंगणासाठी मी जे जे केलं, ते सगळं इथं पोचलं होतं.

प्राजूनं चप्पल काढली, चार पावलं चालली आणि मटकन खाली बसली.

"साखरपुडा हितंच," ती म्हणाली.

"अगं, हरळीवर? पाव्हणं काय म्हणतील?"

"आण्णा, तुमी आता काय बी बोलायचं न्हाई. अन् काय बी करायचं न्हाई. काय बी म्हंजे काय बी."

हे वाक्य मी आधी कुठंतरी ऐकलं होतं.

तिनंच तानाजीला बोलावून घेतलं, परस जरा नीटनेटकं करायला. तो आधी पुढच्या अंगणात थांबला. डोक्यावरची टोपी काढली.

"आण्णा, काय काय केलं ते सांगा तरी."

मी सांगितलं. तो एकेक बोट मुडपत गेला. चार बोटं मुडपून झाल्यावर म्हणाला, "येवढं समदं करून बी हे जगलं असतं, तर मी नर्सरी बंद करून ऊस लावला असता." मग परसात आला, हरळी बघितली आणि हसतच सुटला. "आण्णा, मी तुमाला इकलं ते काय हुतं म्हाईत हाय का? हीच! जरा शहरगावची जात, पानं बारीक. पर घराणं हरळीचंच."

म्हणजे जिला बत्तीस वर्षं मारतोय तिलाच मी टेंपोतनं वाजतगाजत दारात आणली होती, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ती मला मारायला जमली होती. नको होती तेव्हा एकदा मेली नाही!

साखरपुड्याच्या दिवशी म्हैस शेजाऱ्यांकडं पाहुणी पाठवली. उकिरड्यापुढं कनात लावली. सकाळच्या गार वेळी पाहुणे आले आणि आम्ही त्यांना पुढच्या अंगणातनं जरा घाईघाईनंच मागं नेलं. बापूंच्या आईंनी वहाणा काढल्या आणि हरळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आल्या, काही न बोलता. प्राजू आणि जावईबापू पाटावर बसले. पोरगी सुंदर दिसत होती. मी तिच्याकडं बघत होतो, म्हणून बापूंकडं माझं लक्ष नव्हतं.

बापूंनी खाली बसल्या बसल्या एक काडी उपटली. दातात धरली. चावली. आणि आपल्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "पाव्हणं, हे लॉन न्हाई."

भटजी सुपारी हातात धरून थांबले. प्राजूनं माझ्याकडं बघितलं.

"ही हरळी हाय," बापू म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो. आता लपवायला उरलं काय होतं?

"आवं, मग आधी सांगायचं न्हाई का! दोन पिढ्या आमची मेंढरामागं गेली. हरळीवर जेवलो, हरळीवर झोपलो. पोरगं लॉन लॉन म्हणत हुतं तवा आमी बिचकत हुतो, म्हणलं शहरी काय तरी असंल, पाय ठिवावा का न्हाई. ही तर आपली निघाली! अन् काय मऊ केलीया! आमच्या माळाला अशी औषधाला मिळत न्हाई."

बापूंच्या आई पहिल्यांदा बोलल्या, "लय ग्वाड हाय पायाला."

प्राजू हसली. खरं सांगतो, तिला हसताना बघितलं आणि चोवीस दिवसांनी पहिल्यांदा मला पोटभर श्वास आला. आणि श्वास आला की मग आपली छाती जरा फुगतेच, नाही का? फोटोतली ढाल आठवली. बत्तीस वर्षांचा अनुभव घशाशी आला.

बापूंनी विचारलंच, "आण्णा, आमाला बी घरापुढं असं करायचं हाय. नेमकं काय केलं वो हिला?"

मी मांडी सावरली. खाकरलो. तोंड उघडलं.

सुमन माझ्या मागं पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, "काय बी न्हाई केलं. ह्यांचं समदं ध्यान पुढच्या अंगणात हुतं, म्हणून ही वाचली."

मी ताटातले दोन पेढे उचलून एकदम तोंडात घातले.